दुखायचं थांबलं, की थांब

*ताई,*

*मी कर्वेनगरला राहते. वय ४३, सहकारी बँकेत नोकरी. सात वर्षांपूर्वी वेताळ टेकडीवर पळायला सुरुवात केली, मग हाफ मॅरेथॉन, मग पूर्ण, आणि गेल्या डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरण्याची ५० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. अर्ध्या वाटेतच दोन्ही अंगठ्यांची नखं सुटली होती, पण मी कोणाला कळू दिलं नाही. सहनशक्ती ही माझी जमेची बाजू, असं सगळेच म्हणतात.*

*माझा भाऊ मिनियापोलिसला असतो. त्याच्याकडून तिथल्या मिनेसोटा राज्यातल्या ‘अॅरोहेड १३५’ या शर्यतीबद्दल कळलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. जानेवारीच्या शेवटी बर्फातून १३५ मैल, आपलं सामान स्लेडवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, ओढत. मला येत्या जानेवारीत जायचंय. बर्फ मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, लग्नानंतर मनालीला. पुण्यात राहून ही तयारी होते का? उणे २० ची स्लीपिंग बॅग लागते असं वाचलं, ती इथल्या दुकानात आहे, म्हणजे निम्मं काम झालं. मध्यंतरी रक्तदान शिबिरातून हिमोग्लोबिन १०.२ म्हणून परत पाठवलं, तेवढं सोडलं तर तब्येत ठणठणीत.*

*घरून विरोध असा नाही. सासूबाई म्हणाल्या, डिंकाचे लाडू करून देते. नवरा मात्र एकच विचारतो, ‘तुला तिथे काही झालं तर?’ याचं उत्तर मला सुचत नाही. तुम्ही हिमालयात पुष्कळ हिंडलात म्हणून लिहिते. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.*

*— एक धावणारी, कर्वेनगर*

अगं मैत्रिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा नुसता आनंद झाला. त्रेचाळिसाव्या वर्षी पुण्यातली एक बाई मिनेसोटाच्या जंगलात दोन रात्री बर्फावर काढायचं मनात आणते, याचा आनंद होणारच. दुसऱ्यांदा नखांपाशी थबकले. तिसऱ्यांदा हिमोग्लोबिनपाशी. म्हणून निकाल आधीच सांगते: येत्या जानेवारीत जाऊ नकोस. मध्ये दोन हिवाळे जाऊ देत, मग जा. तसंही या शर्यतीचे आयोजक आधीच्या अशा शर्यतींचा अनुभव दाखवल्याशिवाय प्रवेश देत नाहीत. पण ती अट नसती तरी मी हेच सांगितलं असतं.

आता नखांबद्दल. सह्याद्रीत तू सोसलंस आणि ते खपून गेलं. फार तर पंधरा दिवस चप्पल घालून बँकेत गेली असशील. बर्फात दुखणं हा शरीराचा निरोप असतो. बोट दुखतंय म्हणजे त्यात अजून रक्त आहे, ते मदत मागतंय. तू सोसत राहिलीस की थोड्या वेळानं ते दुखायचं थांबतं आणि वाटतं, चला, सवय झाली. नेमकं तेव्हाच ते गोठायला लागलेलं असतं. जी सहनशक्ती तू जमेच्या बाजूला मांडलीस, तिचीच मला तुझ्यासाठी सगळ्यात जास्त काळजी वाटते.

तुला माझ्या उजव्या हाताचा अंगठा दाखवता आला असता तर बरं झालं असतं. चोवीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही सहाजणी हिमाचलात एका खिंडीच्या वाटेवर होतो. पहाटे साडेचारला निघालो. तासाभरानं माझ्या बुटाखालच्या क्रॅम्पॉनचा, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून बांधतात त्या काट्यांचा, पट्टा सैल झाला. धातूचं बक्कल, जाड मोज्याच्या हाताला सापडेना. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून उजव्या हाताचा मोजा काढून दातांत धरला. बकलात बर्फ भरलेला. तो नखानं खरवडला, पट्टा ओवला, ओढला, तो निसटला, परत ओवला. पाच-सहा मिनिटं गेली असतील. दाराच्या फटीत बोट चेमटल्यावर येते तशी कळ अंगठ्यातून आली आणि मग हळूहळू ओसरली. मला बरं वाटलं. मोजा घातला आणि पुढच्यांना गाठायचं म्हणून भराभर चालत सुटले. उजाडल्यावर पाणी प्यायला मोजा काढला, तर अंगठ्याचं टोक मेणबत्तीच्या तुकड्यासारखं पांढरं. दुसऱ्या हातानं दाबलं तर दबेना आणि दाबलेलं कळेना. बरोबरच्या मैत्रिणीनं मायेनं त्यावर बर्फ चोळला, कारण तेव्हा आम्हाला तसंच माहीत होतं. ते चूक होतं. गोठलेली कातडी चोळली की इजा वाढते. पुढे फोड आला, काळा पडला, सालपट गळालं, नख दीड वर्ष वाकडं वाढत राहिलं. आजही डिसेंबरात फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली की त्या टोकाला मुंग्या येतात.

मी थोडक्यात सुटले. २०१८ साली कॅनडातल्या युकॉन आर्क्टिक अल्ट्रामध्ये एका अनुभवी इटालियन धावपटूला हिमदंशामुळे हात-पाय गमवावे लागले. तुला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. जिद्द त्याच्याकडेही भरपूर होती, एवढंच लक्षात ठेव.

म्हणून एक सवय आत्तापासून लाव. पळताना दर अर्ध्या तासानं शरीराची हजेरी घ्यायची. हाताच्या बोटांपासून सुरुवात, मग पायांची बोटं, नाक, गाल, कानांच्या पाळ्या. प्रत्येकाला ‘आहेस का?’ विचारायचं आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यानंतर अंगठा करंगळीला टेकवायचा. साधी गोष्ट वाटते, पण शरीर आतून गार पडायला लागलं की ती जमेनाशी होते. शेवटी स्वतःचं नाव-पत्ता मोठ्यानं म्हणायचा. जीभ जड झाली, शब्द अडखळले, चेन लावता येईना, पायात पाय यायला लागले किंवा उगाच कोणावर तरी चिडचिड व्हायला लागली, की समजायचं, मेंदूपर्यंत गारठा पोचतोय. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आणि कुडकुडण्याचंही बोटांसारखंच आहे. ऊब मिळालेली नसताना कुडकुडणं आपोआप थांबलं तर ते सर्वांत वाईट लक्षण.

बोटानं उत्तर दिलं नाही तर तिथल्या तिथे थांबायचं. हात काखेत घालायचे, पाय बरोबरच्या माणसाच्या पोटावर. लाजायचं नाही, जोडीदारांनी एकमेकांसाठी हे करायचंच असतं. खरोखर गोठलेला भाग ऊबदार ठिकाणी पोचेपर्यंत वितळवायचा नाही, कारण वितळलेला भाग परत गोठला तर तो वाचवणं फार कठीण. पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे बाळाच्या आंघोळीला घेतो तेवढं कोमट. शेकोटीशी नेऊ नये. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

आता असा विषय, जो बहुतेक प्रशिक्षक बायकांपाशी काढतच नाहीत. लांबच्या शर्यतीत तू पाणी कमी पितेस का? आपण सगळ्याच पितो. एसटीच्या प्रवासात, लग्नाच्या हॉलमध्ये, ऑफिसात, लहानपणापासून शिकलोय की जायला जागा नसेल तर प्यायचंच कमी. उणे २५ अंशांत चार थर उतरवून बर्फात बसायचं या कल्पनेनंच घसा कोरडा ठेवावासा वाटेल. तसं केलंस तर रक्त दाटेल, बोटांपर्यंत पोचणं आणखी कमी होईल आणि हिमदंशाला वाट मोकळी. थंडीत तहान लागल्याचं कळत नाही, आणि कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर पाणी बाहेर पडत असतं. तेव्हा याचाही सराव करायचा. बायकांसाठी उभ्यानं लघवी करायची नरसाळी मिळतात, त्यांनी फार सोपं होतं. आधी घरी, मग टेकडीवर, मग रात्री हातमोजे घालून. पाळीच्या दिवसांचाही विचार आधीच करून ठेव. यात संकोचण्यासारखं काही नाही, याच्यावर तुझी बोटं अवलंबून आहेत.

सोसत राहणं आणि पाणी कमी पिणं यांच्यानंतर तुझा तिसरा शत्रू घाम. पुण्यात आपण घामाला कष्टाची पावती समजतो, टी-शर्ट पिळून दाखवतो. बर्फात भिजलेला कपडा म्हणजे अंगाला गुंडाळलेला गारठा. पाणी हवेच्या तुलनेत साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. पळत असेपर्यंत तुला कळणार नाही. चढ संपला, वारा लागला किंवा खायला दोन मिनिटं थांबलीस, की कळेल. त्यामुळे निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पहिल्या पावलाला ऊब वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. चढ समोर दिसला की चढायच्या आधी जाकिटाची चेन उघडायची, माथा यायच्या आधी लावायची. टोपी डोक्यावरून कपाळावर, कपाळावरून खिशात, असं दिवसभर चालू राहतं. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, वर ऊब धरणारा थर, त्यावर वारा अडवणारा. सुती काहीही नको, आतले कपडेसुद्धा. बूट नेहमीपेक्षा एक-दीड नंबर मोठे घे. दोन मोजे घालूनही बोटं हलली पाहिजेत, कारण आवळलेल्या बोटात रक्त जात नाही.

घाम टाळायचा म्हणजे हळू जायचं, आणि ही शर्यत मुळातच हळू आहे. १३५ मैल म्हणजे २१७ किलोमीटर. पुण्याहून पंढरपूर गाडीरस्त्यानं जवळपास तेवढंच. वेळेची मर्यादा ६० तासांची. खाणं, झोप, थांबणं सगळं धरून ताशी ३.६ किलोमीटर पडले की झालं. हा वेग वारकऱ्याचा आहे. वारकरी पंधरा-वीस दिवस घेतात आणि वाटेत गावोगाव त्यांच्या मुक्कामाची सोय असते. तू ते दोन रात्री आणि तीन दिवसांत चालायचंस, पंधरा-वीस किलोंची स्लेड कमरेला बांधून, नऊ-साडेनऊ तासांच्या दिवसात. बर्फ स्नोमोबाइलनं, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीनं, दाबलेला, घट्ट असेल तर चाल बरी पडते. ताजा पडलेला असेल तर पाऊल घोट्यापर्यंत रुतणार आणि ताशी तीनही निघणार नाहीत. तेव्हा ५० किलोमीटरची वेळ किती कमी करता येईल हा विचार आता सोड. दहा तास न थांबता, न धापता, कोरड्या अंगानं चालता येतं का, हे बघ.

पुण्यात तयारी होते का, तर पुष्कळशी होते. जुन्या बाजारात जा किंवा ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे, आणि मोटारीचं एक टाकाऊ टायर आण. टायरला भोक पाडून त्यात हुक बसवून घे, कमरेला रुंद पट्टा, मध्ये दोन-अडीच मीटर दोर. टायर मातीवर जे घासतं, ते बर्फावरच्या स्लेडच्या ओढीशी बरंच जुळतं. सुरुवातीला सपाटीवर एक तास. महिन्याभरानं वेताळ टेकडी. फक्त पावसाळ्यात तिथे टायर नेऊ नकोस, ओल्या पायवाटा उखडतात आणि टेकडीचे तेवढे हाल पुरे झाले. ऑक्टोबरपासून दर रविवारी तास वाढव, मग शनिवार-रविवार लागोपाठ. पहिल्या दोन आठवड्यांत पोटऱ्यांपेक्षा कंबर आणि मांड्यांचा वरचा भाग बोलेल. लोक थांबवून विचारतील, काकवा हसतील, त्यांना सांगून टाक. मे महिन्यात सुट्टी मिळाली तर टायर घेऊन गुहागरला जा आणि सूर्योदयाआधी कोरड्या, भुसभुशीत वाळूतून ओढ. रुतणाऱ्या बर्फाशी इतकं मिळतंजुळतं महाराष्ट्रात दुसरं काही नाही. रात्रीची सवय मात्र हवीच. कात्रज ते सिंहगड तू केलंच असशील. ते आता सगळ्यांत मागे राहून कर, आणि पहाटे तीनला, झोप अनावर होते तेव्हा, मुद्दाम थांबून पाठपिशवी पूर्ण रिकामी करून परत भर.

कारण बर्फात पाय जेवढे लागतात तेवढेच हात लागतात. स्टोव्ह पेटवणं, दोर सोडवणं, हेडलॅम्पचे सेल बदलणं, सगळं जाड मोज्यांतून. शहरात ओळखीनं एखादं शीतगृह शोध. भाजीपाल्याचं चार-पाच अंशांचं उपयोगाचं नाही, आइस्क्रीम आणि गोठवलेले मटार ठेवतात ती उणे १८-२० ची खोली हवी. तुमच्या बँकेच्या खातेदारांत कोणीतरी निघेल. रीतसर परवानगी काढ, दाराशी माणूस उभा कर, आणि आत वीस मिनिटं फक्त हातांची कामं कर: बुटाची नाडी सोडून बांध, सेल बदल, डबा उघडून खा. पहिल्या खेपेला तू मोजा काढशील, बघ. मोजा काढायचा नाही, एवढंच शिकायला आत जायचं.

स्लीपिंग बॅगेची खरेदी थांबव. तू वाचलेलं उणे २० हे फॅरनहाइट आहे. अमेरिकी शर्यत आहे, त्यांची मापं तशीच असतात. सेल्सिअसमध्ये ते होतात उणे २९. आपल्याकडच्या दुकानातली उणे २० सेल्सिअसची बॅग नऊ अंशांनी कमी पडते, आणि आयोजक सामान तपासतात. शिवाय बॅगेवर दोन आकडे असतात: एकावर आरामात झोप लागते, दुसऱ्यावर कशीबशी रात्र निघते. बायकांनी पहिला आकडा बघून घ्यावी. या दोन मापांचा गोंधळ होऊ नये म्हणून एक खूण लक्षात ठेव: उणे ४० ला दोन्ही एक होतात. आणि तिथे उणे ४० फक्त पुस्तकात नसतं. शर्यत सुटते त्या इंटरनॅशनल फॉल्स गावाला लोक ‘देशाचा बर्फाचा डबा’ म्हणतात.

स्टोव्हचंही तसंच. आपण ट्रेकला नेतो त्या गॅसच्या छोट्या डब्यांवर तिथे भरवसा ठेवू नकोस. साध्या ब्युटेनची शून्याच्या जरा खाली वाफच होत नाही, डबा भरलेला असून पेटत नाही. तिथे पंपाचा, द्रव इंधनाचा स्टोव्ह लागतो. तुझ्या आजीकडे पितळी पंपाचा स्टोव्ह असेल तर तुला तो अर्धा येतोच: आधी वाटीत थोडं तेल जाळून नळी तापवायची, मग पंप मारायचा, पिन हाताशी ठेवायची. फरक एवढाच की उणे ३० मध्ये इंधनही उणे ३० असतं, आणि ते बोटांवर सांडलं तर क्षणात हिमदंश. जाड मोज्यांनी, गच्चीत, उघड्यावर, पन्नास वेळा पेटव. इंधन विमानातून नेता येत नाही, ते तिथेच घ्यायचं.

खाण्यासाठी सासूबाईंची मदत घे, पण आधी लाडू फ्रीजरमध्ये ठेवून बघ. घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो, तो तुझी फुकटची प्रयोगशाळा. एक डिंकाचा लाडू, एक चिक्की, दोन खजूर, थोडा चिवडा, चार बाकरवड्या, मूठभर खारे शेंगदाणे एक रात्र ठेव आणि सकाळी काढल्या काढल्या चाव. तुपाचा लाडू दगड झालेला असेल, चिक्कीनं दात दुखावेल. चिवडा, शेंगदाणे, बाकरवडी जशीच्या तशी, कारण त्यांत गोठायला पाणीच नाही. सासूबाईंना सांग, लाडू सुपारीएवढे वळा. ते आतल्या खिशात अंगाशी ठेवायचे, एक-एक तोंडात टाकायचा. चिवडा रुंद तोंडाच्या बाटलीत भर, मोजा न काढता तोंडात ओतता येतो. पाण्याची बाटली उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतो, मग झाकण मोकळं राहतं. थांबून जेवायचं नाही, चालता चालता दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं-थोडं. अन्न म्हणजे तुझी शेगडी. ते संपलं की अंग तापत नाही. म्हणूनच शेवटच्या रेषेवरसुद्धा तुझ्याकडे ३००० कॅलरींचं खाणं शिल्लक असलं पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. तेवढं नसेल तर तू कितीही लवकर पोचलीस तरी उपयोग नाही. मला हा नियम फार आवडतो. सगळं संपवून पोचणाऱ्याला तिथे शाबासकी नाही.

मध्ये दोन हिवाळे म्हटलं, ते असे. या जानेवारी-फेब्रुवारीत आठ-दहा दिवस हिमाचलातल्या लाहौलला, सिस्सू गावाच्या बाजूला राहा. २०२२ पासून मार्चमध्ये तिथे बर्फातली मॅरेथॉन होते, तिचा विचार कर. पण पळायची घाई नको. रोज दोनदा बाहेर जा, एकदा उजेडी, एकदा अंधार पडल्यावर, आणि कोणता थर कधी काढावा लागतो ते वहीत लिही. तिथे उंची तीन हजार मीटरच्या वर आहे, पहिले तीन दिवस नुसतं चालायचं. अॅरोहेडला तो प्रश्न नाही, इंटरनॅशनल फॉल्स समुद्रसपाटीपासून पुण्यापेक्षाही खाली आहे. पुढच्या हिवाळ्यात भावाकडे जा. मिनेसोटाशेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये टस्कोबियाची अशीच बर्फातली शर्यत असते, तिच्यात ८० मैलांचाही पर्याय आहे. निदान दोन आठवडे आधी पोच आणि भावाच्या अंगणात झोप. मी अगदी शब्दशः म्हणतेय. रात्री दहाला स्लीपिंग बॅग घेऊन मागच्या अंगणात बर्फावर जायचं, पाणी स्टोव्हवर करायचं, झोपायचं, पहाटे उठून गोठलेले बूट घालायचे. चुकलंस तर दहा पावलांवर स्वयंपाकघर आहे. जिथे चूक परवडते तिथे सगळ्या चुका करून घे. त्यानंतरचा हिवाळा अॅरोहेडचा.

आता तुझ्या नवऱ्याचा प्रश्न. मला तो माणूस आवडला. त्यानं नको म्हटलं नाही, त्यानं विचारलं. त्याला ‘काही होणार नाही’ असं उत्तर देऊ नकोस, ते खरं नाही. तिथे हाक मारल्यावर लगेच कोणी येत नाही, स्नोमोबाइल पोचायला कित्येक तास लागू शकतात, आणि तोवर स्वतःला जिवंत आणि उबेत ठेवायचं काम तुझं असतं. एवढं सामान ओढायला लावतात ते त्याचसाठी. तेव्हा दोघं बसा आणि एका कागदावर लिहा, कुठल्या परिस्थितीत तू शर्यत सोडशील. ‘खूप त्रास झाला तर’ असलं मोघम चालणार नाही. ‘दहा मिनिटं ऊब देऊनही बोटात संवेदना आली नाही तर’, ‘अंगठा करंगळीला टेकला नाही तर’, ‘आतला थर भिजला आणि बदलायला कोरडा नसेल तर’, ‘शेवटच्या तासाभरात काही खाल्लं गेलं नाही तर’. तू सही कर. एक प्रत त्याच्याकडे, एक भावाकडे, एक तुझ्या जाकिटात. विम्याची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाच, पुष्कळ प्रवास विम्यांत असले खेळ वगळलेले असतात. आणि नवऱ्याला टायर ओढायला एकदा बरोबर ने. तो विचारील त्या दहा गोष्टींतल्या चार तुझ्या डोक्यातच आल्या नसतील.

हिमोग्लोबिनचं शेवटी लिहितेय, पण करायचं सगळ्यांत आधी. ‘तेवढं सोडलं तर’ असं लिहिलंस ना, ते सोडायचं नाही. बाईचं हिमोग्लोबिन निदान १२ हवं. लोह कमी असलेल्या शरीराला थंडीत स्वतःला गरम ठेवणं जड जातं. दम लागतो, बोटं लवकर गार पडतात. ते बहुधा कधीपासून कमी असेल आणि तू तशीच पळत राहिली असशील, नखांसारखीच. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या त्यांना विचारून करून घे, आणि कारण शोधायला सांग, नुसत्या गोळ्या घेऊन परत येऊ नकोस. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, ते स्वतःहून सांग. गार पाण्यात हात घातल्यावर बोटं पांढरीफटक पडतात का, लहानपणी दमा होता का, हेही सांग. थंड कोरड्या हवेत दम्याची छाती लगेच आवळते. यातलं काही निघालं तर शर्यत संपली असं नाही, पण ते माहीत असल्याशिवाय बर्फात पाऊल ठेवायचं नाही.

तपासण्यांचे आकडे आले की मला कळव. बारा झाले की टायर शोधायला लाग. दोर विकत घेऊ नकोस, माझ्याकडे गिर्यारोहणाचा जुना आहे, आता चढाईला नेत नाही, पण टायर ओढायला अजून दहा वर्षं पुरेल. ऑक्टोबरात पाऊस थांबला की येऊन घेऊन जा, आणि येताना त्या सुपारीएवढ्या लाडवांतले दोन आण, फ्रीजरमधून काढलेले.